कोळणीचं नाक

ठाण्याला आमच्या मागच्या दारी रोज एक कोळीण यायची. माशाचा कल्ला उचलून ती आधी स्वतः हुंगायची, मगच माझ्या ताटात टाकायची. एकदा तिनं हुंगून दिलेल्या बोईला घाण येत होती. मी चिडून तसं म्हणताच तिनं ती पुन्हा हुंगली, मग घासलेटची बाटली मागून हुंगली.

"बाय, मना कायच वास येत नाय! सर्दी येते नि जाते, ही त ठान मांडून बसलीय. तेल झाला, धुरी झाली. आता डाक्तरच."

"गोऱ्या डॉक्टरची भीती नाही वाटत?"

"नाक गेला त मी कोलीन कसली?"

पाटी उचलून ती थेट इस्पितळाकडे निघाली.

पुढं बऱ्याच दिवसांनी आली, ती पाटी न उतरवताच ओरडली, "बाय, तुजा दूद करपला!"