उचलायचा नसलेला फोन

मी मोबाईल कंपनीत नेटवर्क आखायचं काम करते, आणि माझ्याच घरातली बाई फोन वाजला तरी उचलत नाही, हे ऑफिसात सांगायची सोय नव्हती.

ती बाई म्हणजे माझी आत्या. वडवणीजवळच्या आमच्या गावात राहते. आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे तेव्हा मला तिनंच सांभाळलं, कान धरून शाळेत बसवलं. मी आज जी काही आहे ती तिच्यामुळे. तोंडावर म्हटलं तर "गप बस, लई शानी झालीस" असं ऐकावं लागतं, म्हणून इथे लिहून टाकते.

आता तिचा मुलगा आणि सून तोडीला जातात. दिवेलागणीला मुलाचा फोन दोनदा वाजतो आणि बंद होतो. म्हणजे, बरं हाय. मग आत्या आपल्या बटनाच्या फोनवरून उलट दोनदा वाजवते. इकडं बी बरं हाय. बोलणं नाही. हे सुरू झालं पैसे वाचवायला, पण पुढे बोलणं रिचार्जमध्येच मिळायला लागलं तरी मोडलं नाही. "बोलाय लागलं की रडू येतंय," आत्या म्हणते. "वाजलं की झालं."

इकडे कंपनीत वाद चालू होता. एक मत असं, की बटनाचे फोन ज्यावर चालतात ते जुनं टू-जी बंद करून लहरींची सगळी जागा फोर-जीला द्यावी. दुसरं मत, नव्या यंत्रातूनच दोन्ही चालवावं, थोडी पट्टी जुन्याला, बाकी नव्याला. या दुसऱ्या वाटेला ऑफिसात हायब्रीड म्हणत. मी आत्याला समजावून सांगायला गेले तर ती म्हणाली, "हायब्रीड लई खाल्लं बाई दुस्काळात. पोट भरतंय, पर भाकरीला चव न्हाई." तिच्या लेखी हायब्रीड म्हणजे ज्वारी.

मीटिंगमध्ये आमच्या गावच्या टॉवरचा आलेख पडद्यावर आला. जुन्या नेटवर्कची रेघ जमिनीलाच टेकलेली. एक सहकारी म्हणाला, "हे मेलंय. गाडून टाका." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुम्ही बोलण्याची मिनिटं मोजता. न उचललेल्या फोनला मिनिट नसतं. आमच्याकडे फोन वाजला की निरोप पोचतो." सगळे हसले. आमचे साहेब तेवढे हसले नाहीत. पुण्यात वाढलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. "बघायला कधी जाऊ या?" एवढंच त्यांनी विचारलं.

गेलो. आत्यानं "जय भीम साहेब" म्हणत बसायला बाज टाकली आणि आम्ही दोघी चहा करायला आत वळलो. फोन बाजेवरच राहिला. दिवेलागणीला तो वाजला. आत्या गालात हसली आणि चहा ढवळत राहिली. हाच तो निरोप, हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही; त्यांना वाटलं, आम्हाला ऐकू आलं नाही. भला माणूस, मदत म्हणून त्यांनी फोन उचलला. "हॅलो?"

आत्याच्या हातातली गाळणी खाली पडली. "अय साहेब, उचलला कावून?"

तोवर पलीकडून आवाज चढला होता. "कोन बोलतंय? माझी माय कुठाय?"

"मावशी आत आहेत. तुम्ही अजिबात काळजी करू नका," साहेब मायेनं म्हणाले. याच्याहून वाईट वाक्य त्यांना शोधून सापडलं नसतं.

"काय झालं तिला? सांगा की! मी निघालो!"

आमच्या घरात याआधी त्याचा असा फोन उचलला गेला होता तो फुफा, म्हणजे आत्याचा नवरा, गेला तेव्हा. उचलला होता शेजाऱ्यानं. तेव्हापासून फोन उचलला जाणं म्हणजे काय, हे त्या पोराला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आत्यानं धावत येऊन फोन हिसकावला. "आरं, मी हाय. चांगली हाय. च्या करायले."  पलीकडे तो रडायला लागला आणि ही पण. त्या हंगामात दोघं पहिल्यांदा बोलली, भरपूर बोलली. साहेब मान खाली घालून बसून राहिले. चहा गार झाला.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "जुनं बंद केलं तर इथला फोन लागणारच नाही. मग तो काय समजेल?"

"आज समजला तेच," मी म्हटलं.

पुढच्या मीटिंगला साहेब हळू आवाजातच बोलले, पण हटले नाहीत. बटनाचे फोन गावात आहेत तोवर आमच्या भागात दोन्ही चालतील, असं ठरवूनच उठले. कायमचं नाही, मला माहीत आहे. पण आत्यापुरतं तरी त्यांनी ते राखलं, आणि ते उपकार मी विसरणार नाही.

यंत्र बदललं त्या दिवशी टॉवर सकाळपासून बंद होता. आत्येभावाला मी तोडीच्या मुकादमाच्या फोनवर आधीच कळवलं होतं, तरी आत्या फोन मांडीवर घेऊनच बसली. जेवली नाही. अंधारून येताना रेंज आली आणि थोड्या वेळानं फोन दोनदा वाजला. तिनं उलट वाजवला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "तुझं हायब्रीड ग्वाड हाय बाई."

साहेब आता निवृत्त होऊन पुण्याला गेलेत. परवा मी गावी असताना माझ्या फोनवर त्यांचं नाव आलं. दोनदा वाजून बंद. काही काम असेल म्हणून मी फोन लावून बोलणार, तर आत्यानं हात धरला.

"बरं हाय म्हनतेत ते. तू बी वाजव."

मी दोनदा वाजवला. साहेबांनी उचलला नाही.