रॉनचा राहिलेला ट्राय

मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळे लोक मला किस्से सांगून मोकळे होतात आणि ते माझ्याकडेच साठत जातात! त्यातले निम्मे आमच्या रॉनचे.

रॉन आमच्या गिरावीन या उपनगराच्या रग्बी लीग क्लबचा सगळ्यात जुना खेळाडू. ऐंशी कधीच ओलांडलेली. त्याच्या काळी खेळाडू दिवसा नोकरी करायचे. तो वीटभट्टीवर होता. मी शाळा सोडून टाइल्स बसवतो, म्हणून आमचं जमतं.

*

रॉन प्रॉप होता. म्हणजे बॉल छातीशी धरून समोरच्या दांडग्यांवर धडकायचं आणि त्यांना अडकवून ठेवायचं. मग दुसराच कुणीतरी धावत जाऊन रेषेपलीकडे बॉल टेकवणार. तो ट्राय! आणि फोटोही त्याचाच! रॉनच्या नावावर एकही ट्राय नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, "वाईट वाटतं?"

"रोज. फक्त जेवताना विसरतो."

*

एका मॅचमध्ये त्याचं नाक मोडलं. बायको बाहेरून ओरडली, "रॉन, उद्या माझ्या बहिणीचं लग्न आहे! फोटो!"

"मी मागच्या रांगेत उभा राहीन!" म्हणत हा परत घुसला.

*

त्याची वाकडी बोटं बघून माझी आई हळहळली. "डॉक्टरला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं ना! डॉक्टर आमच्याच टीममध्ये होता. म्हणाला, शनिवारी ये, मॅच आहे!"

*

गेल्या सीझनच्या शेवटी शेजारच्या क्लबशी फ्रेंडली मॅच होती. मीही खेळत होतो. कॅप्टनने गुपचूप ठरवलं, रॉनला ट्राय करू द्यायचा. समोरची टीमही तयार! मॅच संपत आली तेव्हा रॉन जर्सी घालून आत आला. मीच त्याच्या हातात बॉल दिला.

रॉन निघाला. समोरची धडधाकट पोरं आपोआप घसरून पडायला लागली. एकाने तर रॉन लांब असतानाच लोळण घेतली! लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. रॉनचा मात्र चेहरा पडलेला.

रेषा अगदी जवळ आली. तिथे कडेला खुर्चीत लेन बसला होता. शेजारच्या क्लबचा जुना प्रॉप, रॉनच्याच वयाचा, त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं खेळलेला. तो काठी टाकून उठला, तडक आत आला आणि त्याने रॉनच्या कमरेला घट्ट विळखा घातला!

"लेन, सोड त्याला!" सगळं मैदान ओरडलं.

रॉनचा चेहरा एकदम उजळला.

"खबरदार सोडलंस तर!" तो लेनवर गरजला आणि खांदा लावून ढकलायला लागला.