उल्हास नदीची ओटी

घाबरण्याचा पगार मिळणाऱ्या मोजक्या माणसांपैकी मी एक आहे. अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी. कुठे काय पेटेल, कोण शिडीवरून पडेल, कुठला पाइप फुटेल याची दिवसभर काळजी करायची आणि महिनाअखेरीला पगार घ्यायचा. संध्याकाळी बदलापूरला घरी आलो की तेच काम मी फुकट करतो.

"तुम्ही पोह्यातल्या दाण्यालासुद्धा घाबरता," असं माझी बायको शुभा म्हणते. (खरं आहे. दाणा घशात अडकू शकतो!)

अशा माणसाच्या पोटी ऋचा जन्माला आली आणि कॉलेजात जाताच नाव वल्हवायला लागली. आमच्या घरामागून उल्हास नदी वाहते. तिथे एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने बोट क्लब काढला आहे. त्यांना सगळे नुसतं 'कमांडर' म्हणतात. दर हिवाळ्यात ते नदीवर नावांच्या मोठ्या शर्यती भरवतात. उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण, सगळीकडचे संघ येतात, काठावर जत्रा जमते आणि मला आठवडाभर आधीपासून जुलाब होतात.

कारण मी ती नाव जवळून पाहिली आहे. एवढी अरुंद, की त्यात बसलेल्या मुलीने भांग बदलला तर कलंडेल. चौघी जणी वल्ही मारणार, पाचवी सुकाणूवर. आणि सगळ्यांत भयंकर गोष्ट म्हणजे वल्हवणाऱ्या चौघी जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतात! अहो, आमच्या कारखान्यात हातगाडी उलटी ढकलली तरी मी मेमो देतो.

"बाबा, समोर भूमी बघते ना. ती सांगते, आम्ही ओढतो," ऋचा म्हणायची.

भूमी म्हणजे सुकाणूवरची मुलगी, उल्हासनगरच्या हरेशभाईंची. हरेशभाईंचा तिथल्या कॅम्प तीन भागात जीन्स शिवायचा कारखाना आहे. माणूस सिंधी, दिलदार, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि भित्रा माझ्याइतकाच. सरावाच्या वेळी आम्ही दोघे बाप काठावर उभे राहायचो. ते डोळे मिटून पुटपुटायचे आणि मी डोळे उघडे ठेवून "थांबा! थांबा!" असं ओरडायचो. बगळा उडाला तरी "थांबा!", ढग आला तरी "थांबा!"

शेवटी ऋचाने मला बजावलं. "बाबा, यंदा आम्ही पहिल्या येऊ शकतो. वर्षभर पहाटे उठून मेहनत केली आहे. प्लीज, या वेळी काही करू नका."

"मी काय करणार?" मी म्हणालो. (माणूस किती निरागस असतो!)

कमांडरांनी वेगळा उपाय काढला. "साहेब, असे काठावरून ओरडण्यापेक्षा अधिकृतपणे ओरडा," असं म्हणून त्यांनी मला शर्यतींचा सुरक्षा प्रमुख केलं. छातीला बिल्ला, गळ्यात शिट्टी, हातात कर्णा आणि फिरायला मोटरवाली बचाव-बोट. मी लगेच घाटावर पाटी लावली: 'नदीत निर्माल्य, नारळ, कपडे वा इतर काहीही टाकू नये. हुकुमावरून, सुरक्षा प्रमुख.'

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ही पाटी मी कौतुकाने आईला दाखवली. आई वांगणीकडची, तिचं बालपण याच नदीत डुंबण्यात गेलेलं.

"पाटी र्‍हाऊ दे. वटी भरलीस का?" आईने विचारलं.

"कोणाची?"

"नदीची! पोर तिच्या अंगावर खेळनार नि तिला इचारायचं नाय? आमच्यात नवी होडी पान्यात घालताना पन पयली वटी भरतात. साडी, खन, नारल. आन बापानं भरायची."

"आई, हे सगळं जुनं झालं. मी शास्त्र शिकलेला माणूस आहे."

"बरं," आई शांतपणे म्हणाली. "मग तुझ्या शास्त्राला सांग पोरीला धरून ठेवायला."

झालं! या एका वाक्यावर माझं सगळं शिक्षण कोलमडलं. शर्यत म्हटली की डोळ्यांसमोर फक्त ऋचा दिसायला लागली, पाण्यात हात हलवणारी. तिला उत्तम पोहता येतं हे मला ठाऊक होतं. पण भीतीला कुठे काय ठाऊक असतं?

शुभा मुलींसाठी लाडू घेऊन क्लबवर गेली होती. मी तिचं कपाट उघडलं. आमच्या घरात देण्याघेण्याच्या साड्यांची एक वेगळी थप्पी असते. म्हणजे आहेरात आलेल्या, पण कोणीच न नेसणाऱ्या साड्या. एका घरातून येतात, दुसऱ्या घरी जातात. त्यांचा जन्म नेसण्यासाठी झालेलाच नसतो. वरचीच एक मी उचलली. पोपटी रंग, जांभळे काठ, अंगभर चकमकत्या टिकल्या. असा रंग आमच्या कारखान्यात एकदा चुकून तयार झाला होता आणि आम्ही तो रात्रपाळीला ओतून टाकला होता. नदीला काय, चालेल, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं यायच्या आत, मी आईला घेऊन घाटाच्या वरच्या अंगाला गेलो. आधी माझीच पाटी उलटी फिरवली. आईने हळदकुंकू वाहिलं. नारळ सुटून वाहून जाऊ नये म्हणून मी तो पदरात घालून अशी गाठ मारली, की पाच टन वजनाला दाद देणार नाही. (शेवटी शिक्षण ते शिक्षण!) आणि सोडली ओटी पाण्यात. सुका नारळ तो, बुडतोय कशाला? साडीला घेऊन डुलत डुलत निघाला आणि पलीकडच्या जलपर्णीत जाऊन अडकला.

"आई, अडकली गं!"

"अडकू दे. घेतली तिनं," आई हात जोडून म्हणाली. मला बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदाच.

दुपारपर्यंत काठावर मुंगीला जागा उरली नाही. मुलींच्या तीन संघांची शर्यत पुकारली गेली तेव्हा मी बचाव-बोटीत होतो, अंगात एकावर एक अशी दोन लाइफ जॅकेटं घालून. शेजारी हरेशभाई मोबाइल सरसावून. "साईं, भूमी की व्हिडिओ निकालनी है, मला पण घ्या ना," असं म्हणून ते चढले होते. नावांच्या बाजूने जायचं म्हणून आमच्या बोटवाल्याने इंजिन चालू केलं, एक झोकदार वळण घेतलं, आणि आमच्या लाटा थेट जलपर्णीवर जाऊन आदळल्या.

जलपर्णी हलली. आतून काहीतरी चमकलं.

"वो देखो, क्या शाइनिंग है!" हरेशभाई म्हणाले.

साडी सुटली होती! नारळ पुढे, साडी मागे पसरलेली, अशी वाजतगाजत ती निघाली होती. कुठे? तर थेट मधल्या नावेच्या वाटेत. ऋचाच्या! तेवढ्यात धडाम करून बार झाला आणि शर्यत सुटली.

मी काय करायला हवं होतं? शिट्टी फुंकून शर्यत थांबवायची, एवढं साधं. पण थांबवली तर कमांडर विचारणार, हे आलं कुठून? आणि मी क्षणभर, फक्त क्षणभर, माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मग कर्णा तोंडाला लावून जीव खाऊन ओरडलो, "थांबा! ऋचा, थांबा!"

उरलेले दोन संघ चपापले. आमच्या मुली मात्र दुप्पट जोराने वल्हवायला लागल्या. वर्षभर त्यांनी माझं "थांबा" ऐकलं होतं, आता त्यांना ते कोकिळेच्या ओरडण्यासारखं झालं होतं, कानावर पडायचं पण लक्ष कोण देतंय!

चौघींची साडीकडे पाठ. बघणारी एकटी भूमी, आणि तिला काय दिसलं? पोपटी, हिरवं, तरंगणारं. जलपर्णी! तिने बेधडक नाव त्यातून घातली.

ऋचाचं वल्हं साडीत घुसलं आणि गिरकी घेऊन गुंडाळलं गेलं. नाव जागच्या जागी फिरली, एका अंगावर झुकली, भूमी किंचाळली. ऋचा अर्धी पाण्यावर वाकलेली मला दिसली आणि माझ्या डोक्यातली सगळी नियमावली पुसली गेली. चालत्या बोटीत कधीही उभं राहू नये हा माझाच नियम. मी उभा राहिलो.

पुढचं मला हरेशभाईंच्या व्हिडिओवरून कळलं.

दोन लाइफ जॅकेटं घातलेला माणूस बुडत नाही, पण त्याला दुसरं काहीही करता येत नाही. मी आकाशाकडे तोंड करून बुचासारखा तरंगत होतो आणि हातपाय मारत होतो, "ऋचा! ऋचा!" तिकडे मुलींनी नाव केव्हाच सावरली होती. उरलेले दोन संघ पुढे निघून गेले होते. तेवढ्यात माझ्या तोंडासमोर एक वल्हं आलं. त्याला पोपटी साडी गुंडाळलेली होती.

"बाबा, धरा," ऋचा म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती. दोनच शब्द, पण मला ती ऐकू आली आणि पाण्यातही माझे डोळे भरून आले. पुढचं वाक्य तिने दात ओठ खाऊन उच्चारलं. "आता तरी थांबा!"

त्या दिवशी नदीतून वाचवावं लागलेला माणूस एकच. सुरक्षा प्रमुख.

काठावर आलो तर कमांडर वल्ह्याच्या टोकावर साडी उचलून उभे. नारळ अजून गाठीत, गाठ एक इंचही ढिली नाही.

"कोणी टाकलं हे?" त्यांनी गर्जना केली. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मीही इकडेतिकडे पाहू लागलो, जणू मलाही जाणून घ्यायचं होतं.

"माझ्या लेकानं," आई अभिमानाने म्हणाली. "सकाली. नेमानं वटी भरली त्यानं. म्हनून तर पोरी सुखरूप आल्या."

कमांडरांनी माझ्याकडे पाहिलं. मग उलट्या केलेल्या पाटीकडे. मग माझ्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला. ऋचाने कपाळावर हात मारला. पण माझ्या कानशिलाला चिकटलेली जलपर्णी दिसताच तिला हसू फुटलं, आणि मग पाचही जणी खो-खो हसत चिखलातच बसल्या.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात हरेशभाई पुढे आले आणि त्यांनी साडीचा काठ निरखला.

"भाभी," ते आईशेजारी उभ्या असलेल्या शुभाला म्हणाले, "ये तो हमारी दिवाली वाली साडी है ना? मेरी मिसेस ने दी थी?"

शुभाचा चेहरा साडीहून पोपटी झाला. "अहो भाऊ, ते... यांनी न विचारता... मी तर अगदी जपून..."

"अरे, टेन्शन मत लो!" हरेशभाई मोठ्याने हसले. "आम्हाला पण आहेरातच आली होती. विठ्ठलवाडीच्या चव्हाणवहिनींकडून. मिसेस बोली, ये कलर मैं नहीं पहनूँगी, आगे दे दो!"

"चव्हाणवहिनींकडून?" शुभा पुटपुटली. "त्यांना तर ती... आम्हीच दिली होती. त्यांच्या वास्तुशांतीला. मला वाटलं, ही तशीच दुसरी असेल."

म्हणजे आमच्याकडून चव्हाणवहिनी, तिथून हरेशभाई, तिथून पुन्हा आमच्याकडे, मग नदी, आणि नदीनेही दुपारपर्यंत आहेर परत केला होता! सगळा घाट हसत होता. मीसुद्धा. सर्वांत मोठ्याने.

"हसा, हसा," हरेशभाई डोळे पुसत म्हणाले, "लेकिन साईं, एक बात बताओ. असा कलर पहिल्यांदा दुकानातून विकत घेतला कोणी? कौन होगा वो आदमी?"

शुभाने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आणि मला कॅम्प तीनमधलं ते दुकान आठवलं. लग्नाचा पंधरावा वाढदिवस. "एकच पीस है साहब!" म्हणणारा दुकानदार. "मी रंगांच्या कारखान्यात आहे, मला रंग शिकवू नका," असं त्याला ऐटीत सांगणारा मी. आणि साडी पाहून भरल्या डोळ्यांनी शुभा म्हणाली होती, "अगंबाई! ही मी रोज नाही नेसणार. जपून ठेवणार."

दोन-दोन लाइफ जॅकेटं अंगावर असतानाही माणूस कोरड्या काठावर बुडू शकतो, ही सूचना आमच्या कारखान्याच्या सुरक्षा-नियमांत अजून नाही. मीच घालणार आहे.