उचलून नेता येणारं मशीन

मी पुण्याला निघाले त्या दिवशी अप्पांनी कॉम्प्युटर नेऊ दिला नाही. मी सगळ्या वायरी काढल्या होत्या, मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळला होता, सीपीयूचा डबा गोणपाटात बांधून दारात आणून ठेवला होता. लातूरला कॉलेज करताना अप्पांनी तो मला घेऊन दिला होता, तेव्हा तो माझाच, असं माझं साधं गणित. अप्पा दुकानाची किल्ली खिशात टाकत बाहेर आले, खाली बसले आणि चादरीची गाठ सोडू लागले. "हे कुठं न्यायलीस गं? राहू दे हितं. तू आलीस की लागंल की," म्हणाले. मी चिडले. तिकडे कामाला लागेल म्हटलं, तर म्हणाले, "तिकडं कंपनी देती. हे घरचं हाय." औशाच्या स्टँडवर ते खिडकीखाली उभे राहिले आणि कंडक्टरला सांगत राहिले की लेकराला नीट उतरवा. लेकरू बावीस वर्षांचं होतं आणि सोलापूर येईपर्यंत फुगून बसलं होतं.

शिवलीला, परवा तू नांदेडहून फोन केलास. हैदराबादला नोकरी लागली, गेममधली माणसं आणि गावं तयार करायचं काम आहे, हे किती आनंदानं सांगत होतीस. मग म्हणालीस, "नंदाताई, गेमिंगचा लॅपटॉप घेऊ का डेस्कटॉप? तू दोन्ही वापरलीस ना?" मी "डेस्कटॉप घे" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला, तू नक्की सांगितलं असशील की ताईला पुण्याचं वारं लागलं. तसं नाही. उत्तर सोपं होतं, त्याच्या मागचं सांगणं जड होतं. म्हणून लिहून काढते आहे, तुझ्यासाठी आणि बिलोली, अर्धापूर, औसा सोडून गेलेल्या आपल्या सगळ्यांसाठी, ज्यांच्या बॅगा दोन्हीकडे अर्ध्याच रिकाम्या होतात.

तर तो कॉम्प्युटर माझ्या खोलीत राहिला. आमचं भांड्यांचं दुकान तू पाहिलेलं आहेस. खंडेनवमीला दुकानातली आणि घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून घरी ओळीनं मांडतात. वजनाचा काटा, मापं, भांड्यांवर नाव घालायचं मशीन, आईची विळी, नंतर दादाची मोटारसायकल. प्रत्येकावर विभूतीचे पट्टे, हळदकुंकू, झेंडूचं फूल. एकदा पूजेत बसलेली वस्तू दसरा होईपर्यंत जागची हलवायची नाही, वापरायची तर मुळीच नाही. मी पुण्यात असले तरी अप्पा माझा कॉम्प्युटर त्या ओळीत मांडायचे आणि दादाला फोटो पाठवायला लावायचे. मॉनिटरच्या कपाळावर विभूती. ऑफिसात मी तो फोटो सगळ्यांना दाखवून हसायचे. माझी जागा तिथं कोणीतरी धरून ठेवली आहे म्हणून हसू येत होतं, हे तेव्हा कळलं नाही.

मग अप्पांना लकवा मारला. उजवा हात गेला. औशातल्या निम्म्या घरांतल्या ताटवाट्यांवर ज्या हातानं नावं घातली, तो हात मांडीवर पडून राहू लागला. बोलणंही जड झालं. दुकान दादाकडे आलं, माल वाढला आणि माझी खोली गोदाम झाली. कॉम्प्युटर दादानं शाळेतल्या एका मास्तरांना देऊन टाकला. मला नंतर कळलं. विचारलं तर म्हणाला, "अगं, बंद पडून होता, जागा अडवायला होता." बरोबरच बोलला. दादा नेहमी बरोबरच बोलतो, हाच त्याचा दोष आहे.

त्याच सुमारास आमच्या मालकांनी ऑफिसची जागा सोडली आणि सगळ्यांना घरून काम करा म्हणून सांगितलं. मी न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते, शिवलीला. बिल्डर नकाशा पाठवतात आणि मी त्यात खिडक्यांतून ऊन आणते, बाल्कनीत तुळस ठेवते, गिऱ्हाइकाला वाटावं की घर तयारच आहे. दुसऱ्यांची घरं सजवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. या कामाला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं आणि तसं कार्ड एक तर मोठ्या डेस्कटॉपमध्ये असतं, नाही तर गेम खेळणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये.

मशीन जोडून देणारे एक गृहस्थ होते, त्यांनी मला अर्धा तास समजावलं. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम करतो, तापत नाही, काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलतो, पुढे ताकद वाढवता येते. गेमिंग लॅपटॉप म्हणजे पंख्याचा आवाज, चटके बसणारा कळफलक आणि कामाला जुंपला की तासाभरात मान टाकणारी बॅटरी. "मॅडम, तुम्ही हलवणार कुठं आहात तो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, औशाला. त्यांना औसा कुठं आहे तेही ठाऊक नसावं.

माझा हिशेब उघड होता. महिन्याचे पंधरा दिवस अप्पांजवळ राहायचं. लाईट गेली तरी लॅपटॉप थोडा वेळ तग धरतो, डेस्कटॉप तिथल्या तिथे मरतो. सगळे शहाणे नको म्हणत असताना मी तो लॅपटॉप घेतला, कारण तो उचलून घरी नेता येत होता. एवढं एकच कारण. नोकरीत मागे पडले तरी चालेल, पण अप्पांना पाहुणीसारखी भेटायला जाणार नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं.

घरी गेल्यावर पहिला प्रश्न आला, बसायचं कुठे? खोलीत छतापर्यंत स्टीलची पिंपं आणि कुकरची खोकी. वहिनीनं बिचारीनं दिवाणखान्यातल्या दिवाणाचा एक कोपरा मोकळा करून दिला. मांडीवर उशी, उशीवर पाट, पाटावर लॅपटॉप. कळांखाली लाल-निळे दिवे लागायचे. दादा म्हणाला, "एवढी मोठी झालीस अन् गेम खेळायचा लॅपटॉप घेतलीस व्हय?" दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ते कौतुकानं सांगायचा. पंखा सुरू झाला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "ते गिरणी बंद कर गं, अप्पा झोपायलेत." पाहुणे आले की मला दिवाण सोडावा लागायचा. मी चार्जर, माऊस, पाट, उशी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. तरी मी जात राहिले. अप्पांना डाव्या हातानं पेन धरायला शिकवत होते. ते माझं नाव लिहायचे, वाकडंतिकडं, आणि हसायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला मी मुद्दाम आधी गेले. ऑफिसला सांगून ठेवलं की दोन दिवस मशीन चालू होणार नाही. नोकरी लागल्यापासून मी असं पहिल्यांदाच सांगितलं होतं. सकाळी उठून लॅपटॉप पुसला, कळांमधली धूळ ब्रशनं काढली, विभूती आत जाऊ नये म्हणून फटींवर कागद लावला. अप्पा खुर्चीत बसून डाव्या हातानं दाखवत होते, हे इथं, ते तिथं. काटा बसला, मापं बसली, विळी बसली. दोन महिन्यांपूर्वी घेतलेला वहिनीचा मिक्सरसुद्धा बसला. विळीशेजारी मी लॅपटॉप ठेवला.

आईनं तो अलगद उचलला. "हे राहू दे गं. तुला न्यायचंय."

"मी दसरा झाल्यावर जाणार आहे, आई."

"मधीच काही काम निघालं तर? पूजेतनं उचलता येत न्हाई. तुझी पंचाईत नगं."

"मी सुट्टी घेतलीय."

दादा फुलांची परडी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "पाव्हण्याची वस्तू पूजेत अडकवत न्हाईत, नंदे. आपल्यात तशी रीतच न्हाई." त्याच्या आवाजात काहीही वाईट नव्हतं. माझी अडचण होऊ नये एवढंच त्याला वाटत होतं. वाईट असतं तर मी भांडले असते. माझं लग्न झालेलं असतं तर समजूनही घेतलं असतं. पण मी कोणाकडची पाहुणी? माझं दुसरं घर कुठलं?

मी अप्पांकडे पाहिलं. ते बराच वेळ ओठ हलवत राहिले. मग कित्येक महिन्यांत बोलले नव्हते इतकं स्वच्छ बोलले. "बॅगंत ठिव, बाळ. जपून."

मी ठेवला. चेन लावली. प्रसादाचं ताट घेऊन सगळ्यांबरोबर बसले, पुरणपोळी खाल्ली, गोड झालीय म्हटलं. ज्या गुणासाठी मी तो लॅपटॉप घेतला, नेमका त्याच गुणासाठी तो ओळीतून उठवला गेला. उचलून आणता येतो ते मी पाहिलं होतं. उचलून नेता येतो ते घरच्यांनी पाहिलं. आणि त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, कारण दर पंधरा दिवसांनी बॅग भरताना त्यांनीच मला पाहिलेलं आहे.

पुण्याला आल्यावर मी लॅपटॉप विकला आणि डेस्कटॉप घेतला. डबा इतका मोठा की टेबलही नवं करून घ्यावं लागलं. काम भराभर होतं, पंखा ऐकू येत नाही, त्या गृहस्थांचा शब्द न् शब्द खरा निघाला. औशाला आता सणावारी चार दिवस जाते. माझ्यासाठी नवी चादर काढतात. अप्पांचं लिहिणं सुटलं. याचा दोष मी कोणाला देऊ? हट्ट माझाच होता, आणि रागही माझाच.

म्हणून तुला डेस्कटॉप घे म्हटलं, शिवलीला. लॅपटॉप घेऊन तू नांदेडला येत-जात राहशील आणि तुला वाटेल की आपण दोन्हीकडचे आहोत. हैदराबादला एक जड वस्तू ठेव. कुठेतरी तुला हलता येऊ नये.

गेल्या खंडेनवमीला मी एकटीनंच डेस्कटॉपची वायर काढली, तो पुसला, विभूतीचे पट्टे ओढले, फूल ठेवलं. दुपारी आईचा फोन आला. "दसऱ्याला यायलीस का?"

मी म्हटलं, "न्हाई आई. माझं मशीन पूजेत बसलंय."

आई म्हणाली, "बरं केलीस. मग घर सोडून येऊ नगंस."

पुण्याच्या या दोन खोल्यांना तिनं घर म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला हेच तर ऐकायचं होतं. फोन ठेवला आणि मी हुंदके देऊन रडले.