उर्फाला मुलगी पाहायला

माझ्या मोठ्या जाऊबाई राळेगावजवळच्या एका खेड्यात राहतात. मी त्यांना ताई म्हणते. भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, गेल्यानंतरही त्यांनी शेती सोडली नाही. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं स्वतः उभं राहून करतात. त्यांचा एकुलता एक मुलगा आधी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सूतगिरणीत नोकरीला होता. तिथून तो तुर्कस्तानातल्या उर्फा नावाच्या जुन्या शहरात गेला, तिथल्या सूतगिरणीत. दोन-तीन वर्षांत परत येईन म्हणाला होता. ताई वाट पाहत होत्या.

एके दिवशी त्याने फोनवर सांगितलं, "आई, इथली एक मुलगी हाये. आमच्याच गिरणीत कापूस तपासते. लग्न करीन तं तिच्याशीच. तू एकदा येऊन पाय, मंग काय बोलायचं ते बोल."

ताईंनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने यवतमाळला माझ्याकडे आल्या. चहाही घेतला नाही.

"तू चाल मायासंग. तुले इंग्रजी येते."

"ताई, हो म्हणायला जायचं की नाही म्हणायला?"

"पाह्यले जायाचं," त्या म्हणाल्या.

पोळा झाला, सोयाबीन निघायला अजून वेळ होता, तेव्हा आम्ही निघालो. नातेवाइकांत कुजबुज झालीच. परक्या देशातली, परक्या धर्माची मुलगी, आणि ही बाई पाहायला चालली! ताईंनी बॅगेत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि ठेच्याची बरणी तेवढी नीट बांधून घेतली.

उर्फाला उतरलो तेव्हा ऊन आपल्याकडच्यासारखंच कडक होतं. पुतण्याच्या घराच्या खिडकीतून पाहिलं तर आजूबाजूच्या गच्च्या लालभडक. सगळीकडे मिरच्या वाळत घातलेल्या. ताई बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

"तिखट खाणारे लोक दिसतात," त्या म्हणाल्या. दोन दिवसांच्या प्रवासानंतरचं ते त्यांचं पहिलं मोठं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आली. ठेंगणी, सावळी, मोठ्या डोळ्यांची. तिने ताईंचा उजवा हात हातात घेतला, त्याला ओठ लावले आणि तोच हात आपल्या कपाळाला टेकवला. ताईंनी दचकून हात ओढला.

"हे काय करून राह्यली ही?"

"आई, आपल्यात मोठ्यांच्या पाया पडतात ना, तसंच हे."

ताईंनी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

त्या दिवशी तिनेच आम्हाला शहर दाखवलं. एका मशिदीच्या कमानींना लागून लांबलचक तळं आहे आणि त्यात माशांची नुसती गर्दी. पैगंबर इब्राहिमांना इथे राजाने आगीत टाकलं, तेव्हा आगीचं पाणी झालं आणि जळत्या लाकडांचे मासे झाले, अशी तिथली श्रद्धा. म्हणून ते मासे कोणी धरत नाही. मशिदीकडे जायचं म्हणून मुलीने माझ्यासाठी एक ओढणी आणली होती. ताईंच्या डोक्यावर पदर होताच. माशांचं खाणं विकत घेऊन तिने ताईंच्या ओंजळीत घातलं. पाण्यात टाकताच मासे एकमेकांच्या अंगावर चढून आले. ताई चक्क हसल्या आणि मग त्यांनी पाण्याकडे पाहून हात जोडले. मला वाटलं, आता कोणी काही बोलेल. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने फक्त मान हलवली आणि आपल्या वाटचं खाणं ताईंना देऊ केलं.

तिथून बाजारात गेलो. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची अख्खी गल्ली होती, बोललेलं ऐकू येईना. पुढे एका जुन्या सरायीच्या दगडी चौकात झाडाखाली बसून लहान काचेच्या पेल्यांतून चहा प्यालो. मुलगी ताईंना एकेक वस्तू दाखवून तुर्की शब्द सांगत होती. दुकानाला दुक्कान, साखरेला शेकेर, साबणाला साबुन, पडद्याला पेर्दे.

"हे तं आपलंच बोलून राह्यली," ताई मला म्हणाल्या.

संध्याकाळी मुलीच्या घरी जेवायला बोलावणं होतं. आम्ही मांसमच्छी खात नाही हे तिने आधीच सांगितलेलं. तिच्या वडिलांनी मोठ्या परातीत दलिया, टोमॅटो, कांदा आणि काळपट लाल मिरचीचा चुरा घेतला आणि तो बाह्या सरसावून तासभर मळला. मुठीने दाबून त्याचे मुटके केले. एरवी यात कच्चं मटण घालतात, आमच्यासाठी घातलं नव्हतं. सॅलडच्या हिरव्या पानात गुंडाळून, वर लिंबू पिळून खायचं. ताईंनी पाच-सहा खाल्ले. मग पिशवीतून ठेच्याची बरणी काढून त्यांच्यापुढे ठेवली. वडिलांनी बोटभर ठेचा तोंडात टाकला, घाम पुसला आणि पुन्हा घेतला.

जेवणानंतर कॉफी आली. कडूजहर, अगदी घोटभर, कान नसलेल्या इवल्याशा कपात. एरवी ती घरातला पुरुष देतो म्हणे, पण त्या दिवशी वडिलांनी भांडं मुलीच्या हातात दिलं होतं. ताईंनी कसाबसा घोट गिळला आणि कप टेबलावर ठेवला.

सगळ्यांच्या नजरा त्या कपाकडे गेल्या. मग वडील मोठ्याने हसले. मुलगी लालेलाल होऊन आत पळाली.

"काय झालं? काय चुकलं मायं?"

पुतण्या मान खाली घालून म्हणाला, "कप कॉफी देणाऱ्याच्या हातात द्यायचा असते, आई. खाली ठेवला तं एक तर तो सोन्यानं भरून द्या, नाईतर देणाऱ्याचं लगन लावून द्या. जुना रिवाज हाये इथला."

मीही हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष मुलीच्या आईकडे गेलं होतं. ती बाई उठून जिना चढून गच्चीवर निघाली होती. ताई तिच्या मागे गेल्या आणि त्यांच्या मागे मी.

गच्चीवर मिरच्या पसरल्या होत्या. ती बाई खाली बसून त्या गोळा करत होती. ताई न विचारता समोर बसल्या आणि दोन्ही हातांनी मिरच्या ओढून पोत्यात भरू लागल्या. थोड्या वेळाने ती काहीतरी बोलली. त्यात 'हिंदिस्तान' तेवढं कळलं. तिने खालच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि मग हात लांबवर फेकला. डोळे भरून आले तिचे. हाताला तिखट लागलेलं, म्हणून कोपराने पुसायला गेली तर तिखट डोळ्यात गेलंच. ताईंनी झटकन पदराचं टोक तोंडाजवळ नेऊन त्यावर गरम फुंकर घातली आणि तिच्या डोळ्याला लावलं. दोन-तीनदा तसं केलं.

"समजलं तुले?" ताई मला म्हणाल्या. "पोरगी दूर नेता का, असं इचारून राह्यली थे."

त्यांनी खाली हाक मारून मुलाला वर बोलावलं.

"सांग यायले. म्हन, पोरगी तुमच्याचजवळ राहीन. मी नाई नेत तिले."

पुतण्या तिथेच थांबला. "आई, मंग मीही..."

"समजते मले. तू सांग."

त्याने सांगितलं. त्या बाईने ताईंचे दोन्ही हात धरले, तिखटाचे हात तिखटाच्या हातांत.

पुतण्याच्या घरी परतल्यावर ताई पलंगावर बसून राहिल्या. "तो येईन येईन म्हून मी घराले नवी खोली काढली होती," त्या म्हणाल्या. "आता मीच नाई म्हनून आलो." मी जवळ बसले. त्या रडल्या, खूप रडल्या. पण शब्द फिरवला नाही.

लग्न उर्फालाच झालं, त्यांच्या सरकारी पद्धतीने. ताईंना जाता आलं नाही, कापसाची वेचणी ऐन भरात होती. दरवर्षी जानेवारीत दोघं येतात. सून वऱ्हाडी शिकली आहे, चुकीचं बोलते, पण बेधडक बोलते. बाजारात तिचं 'कायले' ऐकून भाजीवाल्या बायका खूश होतात. ताईंना मी एकदा विचारलं, पस्तावा होतो का? "होते ना," त्या म्हणाल्या. "दिवाळीले होते. तापानं पडलो का होते."

यंदा सुनेसोबत तिची आईही आली, म्हणून मीही यवतमाळहून गावी गेले. ताईंनी नवी खोली झाडून तिला दिली. पहिल्याच सकाळी दोघी तुरीच्या शेतात गेल्या आणि दुपारपर्यंत परतल्या नाहीत, म्हणून मी पाहायला गेले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून दोघी हिरव्या शेंगा सोलून खात होत्या. एक तुर्कीत बोलत होती, दुसरी वऱ्हाडीत, आणि दोघींनाही माझी काही गरज दिसत नव्हती.