सात नंबरची पुडी

तेरा फेब्रुवारी. अकराला बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि साडेनऊला मी प्रयोगशाळेत लवणांच्या पुड्या बांधत होते. चोवीस मुली, चोवीस पुड्या. पुडीवर फक्त नंबर; आत कोणतं लवण, ते मुलींनी ओळखायचं. कोणत्या नंबरात काय, ही यादी माझ्या हातची, परीक्षकांसाठी.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. नव्या कार्यालयांत माणसं कमी पडत होती, म्हणून आमच्या सरकारी शाळेतल्या काही शिक्षिकांना तिकडे फायलींत कागद लावायला पाठवलं होतं. मी ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत तिथेच होते. परतल्यावर पुस्तक कसंबसं संपवलं. प्रयोग चारच झाले.

त्याची भरपाई प्रयोगशाळेची दीदी, म्हणजे तिथली मदतनीस, करायची. दरवर्षी ती यादी पाहून ठेवायची आणि टेबलांजवळून जाताना प्रत्येकीला लवणाचं नाव हळूच सांगायची. मुली नाव ऐकून पाठ केलेली निरीक्षणं उतरवायच्या. मला माहीत होतं. मोठ्या मॅडमना, म्हणजे आमच्या प्राचार्यांना, माहीत होतं. निकाल चांगला लागायचा.

पुड्या बांधताना मोठ्या मॅडमनी दोनदा बोलावलं. परत येऊन मी उरलेल्या पुड्या भराभर बांधल्या.

परीक्षा सुरू झाली. सात नंबरच्या टेबलावर होती ती मुलगी रेल्वेच्या कारखान्यात काम करणाऱ्याची. घर मूळचं भंडाऱ्याकडचं. गेल्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती, आणि या वेळी पुन्हा तसंच झालं तर शाळा बंद, लग्न, असं तिच्या वडिलांनी मला समोर बसून सांगितलं होतं.

तासाभरानं तिनं मला खुणेनं बोलावलं.

"मॅडम, दीदी सांगून गेली ते येऊनच नाही राहिलं. अमोनियाचा वासच नाही."

"सर्दी झाली का?"

"नाही जी. आणि ज्योत हिरवी येऊन राहिली."

मला वाटलं, लवण लावून ज्योतीत धरायची तार नीट धुतली नसेल. "दिसतं ते लिही," म्हटलं आणि पुढे गेले.

दुपारी परीक्षक वह्या तपासायला बसले. दुसऱ्या शाळेतले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. एकेका मुलीला बोलावून चार प्रश्न विचारायचे आणि तिथेच गुण द्यायचे. सात नंबर आली तेव्हा त्यांनी तिच्यासमोरच वही माझ्याकडे सरकवली.

"मैडम, लिस्ट में अमोनियम क्लोराइड है. बच्ची ने बेरियम लिखा है. इसमें मैं क्या दूँ?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मोठ्या मॅडम चहा घेऊन शेजारीच बसल्या होत्या. मला सकाळच्या दोन बरण्या आठवल्या. दोन्हींत पांढरे खडे, दोन्हींवरची चिठ्ठी पुसट. गप्प राहिले असते तर एका मुलीचे गुण गेले असते, बाकी काही झालं नसतं.

"लिस्ट गलत हो सकती है, सर."

"लिस्ट तो आपकी है."

"जी. मैंने ही बनाई है."

मोठ्या मॅडमनी कप खाली ठेवला. परीक्षक उठले, सात नंबरच्या पुडीतलं उरलेलं लवण स्वतः बर्नरवर धरलं. ज्योत हिरवी झाली. बेरियमच होतं.

मला वाटलं, मिटलं. पण ते गृहस्थ कामाला पक्के. यादीत बेरियम आठ नंबरसमोर होतं. त्यांनी आठची पुडी मागवली आणि नळीत कॉस्टिक सोडा घालून तापवली. अमोनियाचा वास टेबलभर पसरला. मग आठची वही उघडली. त्यात स्वच्छ अक्षरात बेरियम क्लोराइड, आणि खाली ज्योतीचा रंग: सफरचंदासारखा हिरवा.

"इस बच्ची ने हरी लौ कहाँ देखी?"

दीदी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं.

"किताब में, सर. यह प्रयोग मैंने कराया नहीं."

त्यांनी सगळ्या वह्या एकावर एक रचल्या. सात नंबरला पूर्ण गुण दिले. बाकीच्या तेवीस जणींची परीक्षा दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा होईल, पुड्या ते स्वतः बांधतील, असं सांगून गेले. मोठ्या मॅडमनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. "पूरे स्कूल की नाक कटवा दी," एवढंच बोलल्या.

बाहेर मुली उभ्याच होत्या. "बड़ी आई साइंटिस्ट," कुणीतरी म्हणालं. सात नंबरनं डोळे पुसले. "आता ह्या पोट्ट्या मले जगू नाही देत, मॅडम."

"तुझं झालं. उद्या घरी राहा."

तेवीस जणींना मी सकाळी साडेसातला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी चार ओळींचा खुलासा मोठ्या मॅडमच्या टेबलावर ठेवून मी प्रयोगशाळा उघडली. दीदीला बर्नर लावायला सांगितला. मुलींना रांगेत उभं केलं, एकेकीच्या हातात तार दिली, ती आम्लात धुवायला लावली, मग ज्योतीत धरायला. आठ नंबर सगळ्यात पुढे उभी होती. ती चुकली. मी तार परत धुवायला लावली.