चादरीखालचं प्लास्टिक

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या खाटेवरची चादर सारखी केली, तेव्हा खालचं प्लास्टिक करकरलं. तान्ह्या पोराखाली घालतात तसलं. प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून माझी लघवी गळते, म्हणून ते घातलेलं. बाईंनी पडदा ओढला आणि विचारलं, “पोटावर हात ठेवू ना, आजोबा?” उभ्या जन्मात माझ्या अंगाला कुणी विचारून हात लावला नव्हता.

“लघवी मध्येच थांबवल्यासारखं आतून आवळा.”

मी दम कोंडला, मांड्या ताठ केल्या.

“अहो, पोतं नाही उचलायचं! श्वास चालू ठेवा. आवळा, मग हळू सोडा.”

त्या चेष्टेनं बोलल्या, पण मी बाजारातला हमालच. दम कोंडल्याबिगर जोर लागतो, हे मला ठाऊकच नाही. माणूस जन्मभर धरून ठेवायला शिकतो. हळू सोडायचं कोण शिकवतं? आणि या वयात शिकून किती जमणार?

उठताना चादरीवर हात फिरवला. कोरडी होती. तरी परतताना बाजारातल्या ओट्यावरून जुने सोबती ओरडले, “ये की रं, बस जरा!” तेव्हा मी बसलो नाही. दगडावर ओल उमटली तर? दोन पोती एकदम पेलणारा गडी मी. उभ्यानंच बोललो, दम कोंडून.